आजोबांची गिटार आणि पॉलिशचा प्रश्न

दहिसर पूर्वेला राहणाऱ्या एका जैन व्यापारी कुटुंबाची कल्पना करावी. आजोबांचे तारुण्य मूळजी जेठा मार्केटातील कापडाच्या पेढीवर गेले. पुढे मुलांनी उपनगरात स्वतःचे दुकान थाटले आणि बिऱ्हाड दहिसरला आले. या आजोबांना एक छंद होता आणि पेढीवर तो कोणालाही ठाऊक नव्हता. दुकान वाढवून घरी परतावे, सामायिक आटोपावे आणि मग अर्धा तास गिटार घेऊन बसावे, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. काही स्तवनांच्या चाली आणि थोडी जुनी चित्रपटगीते, एवढाच त्यांचा संग्रह. शिकवणी कोणाची नव्हती. धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांतून १९७०च्या सुमारास घेतलेली ती गिटार आणि स्वतःचे कान, इतक्या भांडवलावर सगळा व्यवहार चालला होता.

आजोबा जाऊन दोन वर्षे झाली. नातू आठवीत गेला आणि त्याने गिटार शिकायचा हट्ट धरला. दहिसर पश्चिमेला लागून असलेल्या आय. सी. कॉलनीत ईस्ट इंडियन व गोवेकर कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथे गिटार शिकवणारा शोधायला फार हिंडावे लागत नाही. शिकवणी ठरली आणि कपाटावरची काळी पेटी खाली उतरली.

पेटीत दिसले ते असे. मधल्या गोल छिद्राच्या खालच्या अंगाला, जेथे उजव्या हाताची बोटे रोज घासली जात, तेथे चमक उडून उघडे लाकूड दिसत होते. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे होते. मानेच्या मागे, अंगठा टेकतो त्या जागी, रंग जाऊन लाकूड गुळगुळीत झाले होते. पुढच्या फळीभर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे होते; ते लाकडात नव्हते, वरच्या लेपात होते. शिवाय एक गोष्ट होती, जी प्रथम कोणाच्याच लक्षात आली नाही. तारा ज्या लाकडी पट्टीत अडकवतात ती पट्टी, म्हणजे ब्रिज, मागच्या बाजूने एवढी उचलली गेली होती की खाली पोस्टकार्ड सरकावे.

ब्रिजसाठी वाद्य कारागिराकडे नेणे भागच होते. त्याने गिटार उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, “शेठ, ब्रिज तर बसवूच. पण उघडलीच आहे तर घासून नवा ड्युको मारून देतो. दुकानातून आणल्यासारखी होईल.” मुलाच्या वडिलांना हे पटले. वडिलांची वस्तू मुलाच्या हाती द्यायची तर ती नीटनेटकी करून द्यावी, यात गैर काय? घरी आल्यावर आजी, जिला घरात सारे ‘बा’ म्हणतात, एवढेच म्हणाली, “ब्रिज बसवा. त्या उघड्या पडलेल्या जागेला मात्र हात लावू देऊ नका.”

असा प्रसंग गिटारवरच यावा असे नाही. हार्मोनियम, शिसवी पलंग, पणजोबांचा गल्ला, कोणत्याही जुन्या वस्तूवर तो येतो. दोघांच्याही मनात माया आहे, म्हणून निवाडा अवघड होतो. वस्तू कशी घडली आहे हे समजून घेतले तर मात्र बराचसा गुंता सुटतो.

गिटारचा आवाज तारांतून निघतो हे अर्धेच खरे आहे. तार स्वतः फार थोडी हवा हलवते. तिचे कंपन ब्रिजमधून पुढच्या फळीत उतरते आणि ती फळी हलली की आपल्याला ऐकू येईल असा नाद उमटतो. चांगल्या गिटारची ही फळी बहुधा स्प्रूस नावाच्या थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्षाची असते आणि तिची जाडी अवघी २.५ ते ३ मिलीमीटर असते. या पातळ फळीवर सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास पडतो, तोही चोवीस तास. आतून चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांच्या आधाराने ती हा भार पेलते. पेलता यावा इतकी बळकट आणि हलता यावे इतकी हलकी, या दोन टोकांमध्ये कारागिराने फळी राखलेली असते.

आता कागदाने घासणे म्हणजे काय, ते पाहावे. जुना लेप काढताना त्याबरोबर थोडे लाकूडही जाते. खोल ओरखडा पुसायचा तर त्या ओरखड्याच्या तळापर्यंत सारी फळी खाली आणावी लागते. तीन मिलीमीटरमधून किती जाऊ द्यायचे, हा प्रश्न जेवणाच्या टेबलाला पडत नाही, गिटारला पडतो. त्यावर फवाऱ्याने जाड लेप चढवला तर फळीचे वजन वाढते आणि तिचे हलणे मंदावते; नाद बोथट होतो. स्वस्त गिटारची फळी प्लायवूडची असते. तिच्यावर दिसणारे सुंदर लाकूड म्हणजे वरचा एक अत्यंत पातळ थर. घासणाऱ्याचा हात जरा जड पडला की खालचा वेगळ्या रंगाचा थर उघडा पडतो आणि तो झाकायला मग अपारदर्शक रंगाशिवाय उपाय उरत नाही.

लेपाचीही जात असते. जुन्या काळी वाद्यांवर लाखेचे पॉलिश होत असे. १९२३ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने मोटारगाड्यांसाठी ‘ड्युको’ नावाने नायट्रोसेल्युलोजचा रंग बाजारात आणला. तो झटपट वाळत असे. लवकरच गिटार कारखान्यांनीही त्याच जातीचा लेप उचलला. आपल्याकडचे सुतार आजही कोणत्याही चकचकीत फवारणीला ‘ड्युको’ म्हणतात ते त्या नावावरूनच. हा लेप वयाबरोबर पिवळसर होतो, पातळ होत जातो आणि थंडी-उन्हाच्या फरकाने त्यावर बारीक भेगा पडतात. आजोबांच्या गिटारवरचे जाळे बहुधा असेच आलेले. त्याने लाकडाला अपाय होत नाही. नंतरच्या काळात पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचे लेप आले. ते काचेसारखे कठीण असतात, सहसा झिजत नाहीत, पण ठेच लागली की त्यांचा टवका उडतो.

कोणता लेप आहे हे ओळखणे कठीण नाही. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने स्पिरिटचा थेंब लावला आणि लेप चिकट झाला तर तो लाखेचा. स्पिरिटला दाद न देता थिनरने विरघळला तर नायट्रोसेल्युलोज. दोन्हींना जुमानला नाही तर पॉली. ही चाचणी जाणत्यानेच करावी. ज्या कारागिराला ती करावीशी वाटत नाही आणि जो थेट घासण्याची भाषा करतो, त्याच्याकडे ब्रिजही द्यावा की नाही याचा विचार करावा.

व्यापारी मन येथे स्वाभाविकपणे किमतीकडे वळते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुकानात मांडलेला माल चकचकीत असावा, हा पहिला पाठ. जुन्या वस्तूंच्या बाजारात मात्र हा पाठ उलटा होतो. जुने चांदीचे नाणे चिंचेने घासून लख्ख केले की संग्राहक ते बाजूला सारतो, हे झवेरी बाजारात बसणाऱ्यांना सांगायला नको. गिटारांच्या व्यापारातही ढोबळ हिशेब असा की, मूळ लेप काढून नवा चढवलेल्या नामांकित वाद्याला त्याच वर्षीच्या मूळ लेपाच्या वाद्यापेक्षा साधारण निम्मी किंमत येते. पैसे देऊन किंमत निम्मी करून घेणे, याला कोणत्याही पेढीवर काय म्हणतील ते निराळे सांगायला नको.

अर्थात हा हिशेब मार्टिन किंवा गिब्सनसारख्या नावांना लागू पडतो. आपल्याकडच्या घरांत असलेल्या बऱ्याचशा जुन्या गिटारी कोलकात्याच्या कारखान्यांतल्या असतात आणि त्यांना लिलावात कोणी पुकारणार नाही. त्यांच्यावर नवा लेप चढवला तर बाजारभावात फारसे काही बुडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तेव्हा बा जे म्हणते त्याचा आधार बाजारभाव नाही. तो अन्यत्र शोधावा लागतो.

अमेरिकन गायक विली नेल्सन यांची गिटार या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९६९ साली त्यांनी मार्टिन कंपनीची एन-२० ही नायलॉनच्या तारांची गिटार घेतली आणि तिला ‘ट्रिगर’ असे नाव दिले. ते नाव एका चित्रपट-नटाच्या घोड्याचे! या जातीच्या गिटारला बोटांच्या घर्षणापासून वाचवणारी संरक्षक पट्टी नसते, कारण ती नखीने वाजवायची नसते. नेल्सन यांनी ती नखीने वाजवली. वर्षानुवर्षे घासून घासून छिद्राच्या खाली फळीला आरपार दुसरे भोक पडले. ऑस्टिन शहरातील कारागीर मार्क अर्लवाइन अनेक वर्षे या गिटारची देखभाल करीत आले आहेत. त्यांनी आतून आधार दिला, लाकूड आणखी झिजू नये म्हणून लेप दिला; भोक मात्र बुजवले नाही. ती गिटार नेल्सन यांनी पुढेही मैफलींतून वाजवली. दुरुस्ती नाकारली गेली, असे येथे घडलेले नाही. उलट दुरुस्ती वारंवार झाली. आवाज आणि आयुष्य यांसाठी जे लागते ते सारे केले गेले आणि केवळ दिसण्यासाठी जे करता आले असते ते वगळले गेले.

दुसरे उदाहरण निव्वळ पैशाचे. कर्ट कोबेन या गायकाने १९९३ च्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वाजवलेली १९५९ सालची मार्टिन गिटार जून २०२० मध्ये लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेली. कारखान्यातून निघालेली तशीच गिटार याच्या लहानशा अंशाला मिळते. बाकीची सारी किंमत ती कोणाच्या हातात होती याची आहे. दहिसरच्या आजोबांच्या नावाला लिलावात भाव नाही, परंतु घरापुरते पाहिले तर हिशेबाची रीत तीच लागू पडते. त्या उघड्या पडलेल्या जागेवर कोणाची बोटे फिरली हे घरात पाच-सहा माणसांना माहीत आहे आणि त्या पाच-सहांपलीकडे ती गिटार जाणार नाही.

रोजमेळ लिहिणाऱ्या पिढीला हे सांगण्यासाठी परदेशी उदाहरणाचीही गरज नसावी. रोजमेळात चूक झाली तर ती ब्लेडने खरवडून काढीत नाहीत. उलट नोंद टाकून हिशेब जुळवतात आणि चुकीची नोंद वाचता येईल अशीच राहू देतात. खाडाखोड केलेली वही कोणी ग्राह्य धरत नाही, मग खरवडलेली तर दूरच.

जुन्या वाद्याची झीज कोठे दुरुस्त करावी आणि कोठे सोडून द्यावी, याचे उत्तम शिक्षण महाराष्ट्रातच मिरजेला मिळते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्यांचा उद्योग रुजवला. पंढरपूर परिसरातून येणारे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यांचा कान यांच्या बळावर तो टिकला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याची घोडी तारांनी झिजते. झिजली की आवाजातली ती भरीव गुंजन, जिला जवारी म्हणतात, बसते. मग कारागीर घोडीचा माथा केसभर घासून जवारी पुन्हा काढतो. ही झीज दुरुस्त होते, कारण ती स्वर खाते. त्याच तानपुऱ्याच्या भोपळ्यावर, जेथे गायकाचा हात वर्षानुवर्षे टेकला तेथे रंग फिका झाला असेल, तर त्यासाठी कोणी मिरजेला जात नाही. हा भेद तेथे कोणी ग्रंथात लिहिलेला नाही. तो हातांत आहे.

जैन समाजाला ‘जीर्णोद्धार’ हा शब्द परका नाही. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जुन्याच्या जीर्णोद्धारात आठपट पुण्य, असे परंपरेत मानले जाते. शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या देखरेखीखाली आणंदजी कल्याणजी पेढीने राणकपूर आणि आबूच्या मंदिरांचा जीर्णोद्धार केला, तो आजही आदर्श मानला जातो. मग गिटारचा जीर्णोद्धार का करू नये, असा युक्तिवाद मुलाच्या वडिलांनी केला तर तो बिनतोड वाटेल. परंतु शब्दातला ‘उद्धार’ लक्षात घ्यावा. जे पडू पाहते ते उचलून पुन्हा उपयोगात आणणे, एवढाच त्याचा अर्थ. मंदिराचा उपयोग पूजा, गिटारचा उपयोग वाजणे. गळके शिखर दुरुस्त करणे हा जीर्णोद्धार आहे. झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या खरडून कडा नव्या करणे हा नाही. या न्यायाने गिटारचा ब्रिज बसवणे, वाकलेली मान सरळ करणे, लाकडातली खरी भेग जोडणे आणि खोबणी पडलेल्या धातूच्या फ्रेट बदलणे हा जीर्णोद्धार. पॉलिश त्यात बसत नाही.

दहिसरकरांना तर हे जवळच पाहता येते. बोरिवली-दहिसरच्या सीमेवर मंडपेश्वरची प्राचीन शैव लेणी आहेत. पोर्तुगीज काळात तिचे चर्च झाले. शिल्पे झाकली गेली, काही छिलली गेली आणि एका भिंतीवर मोठा क्रूस कोरला गेला. आज पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली असलेल्या त्या लेण्यात नटराजही आहे आणि क्रूसही आहे. पाण्यापावसापासून जपणूक होते. मोडलेले हात सिमेंटने नवे करून बसवण्याचा प्रयत्न होत नाही.

आता एक बाजू अशी आहे जिचा विचार ऑस्टिनचा कारागीर करणार नाही, परंतु या घरांत तो व्हायला हवा. दुरुस्तीचे साहित्य कशाचे असते?

जुन्या वाद्यांचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला गोंद. संग्रहालयांतील जाणकार तोच पसंत करतात आणि त्याचे कारण वाजवी आहे: ऊब आणि ओल दिली की सरसाचा सांधा लाकूड न दुखावता सुटतो, म्हणजे पुढच्या पिढीला पुन्हा दुरुस्ती करता येते. नट आणि सॅडल हे तारा टेकण्याचे दोन बारीक तुकडे हाडाचे असतात. फार जुन्या वाद्यांत हस्तिदंताचे. आणि लाखेचे पॉलिश म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या कीटकांचा स्राव. झारखंड-छत्तीसगड हा त्याचा मुख्य मुलूख; आपल्याकडे गोंदियातही लाख निघते. रांचीला १९२४ साली तिच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली इतका तो व्यापार मोठा होता. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्याच होत. फांदीवरून लाख खरवडली जाते तेव्हा तिच्यातले असंख्य जीव मरतात.

हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे जे पंधरा कर्मादान सांगितले आहेत त्यांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य ही दोन्ही नावे आहेत. बाराव्या शतकातील त्या ग्रंथाला गिटार ठाऊक असण्याचे कारण नाही. पण वाद्य कारागिराच्या फडताळावर काय असते याची जणू यादीच तेथे सापडते! व्यापाराचा निषेध आणि वापराचा निषेध या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे खरे. तरीही जो श्रावक हस्तिदंत विकणार नाही त्याने नवे हाड बसवून घेताना क्षणभर थांबणे स्वाभाविक आहे.

पर्याय आहेत आणि ते दुय्यम प्रतीचे नाहीत. नट व सॅडल कृत्रिम कठीण द्रव्याचे मिळतात. अनेक नामांकित कंपन्या नव्या गिटारांना तेच बसवतात. ब्रिजसाठी लाकडाचा पिवळा कृत्रिम गोंद चालतो. सरसाइतक्या सहजतेने तो सुटत नाही, पण उष्णता दिल्यावर मऊ होतो. म्हणून कारागिराला कोणता गोंद वापरणार हे आधी विचारावे. काही मिनिटांत चिकटणारे झटपट द्रावण मात्र ब्रिजखाली घालू देऊ नये. लेपापुरते बोलायचे तर नायट्रोसेल्युलोज हा वनस्पतीतून येतो. सरकीवर चिकटून राहणारा आखूड कापूस हा त्याचा एक जुना कच्चा माल. कापडाच्या पेढीवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या गिटारवर कापसाचाच लेप असावा, हा योगायोग गमतीचा खरा.

जुन्या वाद्यात आधीपासून असलेल्या हाडाचे वा सरसाचे काय करावे, यावर घराघरांत मतभेद होतील. ते काढून फेकल्याने गेलेला जीव परत येत नाही आणि चांगला सांधा विनाकारण मोडतो. तेव्हा आहे ते राहू द्यावे, नवे आणू नये, ही वाट अधिक सयुक्तिक दिसते. यातून निघणारी एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. जे काम केलेच नाही त्याला कसलेच साहित्य लागत नाही. वाद्याला कमीत कमी हात लावा, हा संग्रहालयांचा नियम आणि हिंसा कमीत कमी होऊ द्या, हा व्रताचा नियम, दोन्ही येथे एकाच जागी येऊन पोहोचतात.

दिसण्यासाठीची कोणतीच दुरुस्ती कधीही करू नये, असे म्हणणे मात्र अतिरेकाचे होईल. उघड्या पडलेल्या लाकडात घाम मुरतो. ते काळे पडते, मऊ होते आणि बोटाला खड्डा लागू लागतो. अशा वेळी तेवढ्याच जागेवर अगदी पातळ लेपाचा हात देणे ही शोभा नसून संरक्षण आहे, ट्रिगरला केले तसेच. कडेने लेपाच्या खपल्या उचलल्या जात असतील तर त्या आहेत तेथेच बसवून घ्याव्यात. कोणी मध्यंतरी ऑइलपेंट फासून ठेवला असेल तर तो काढणे योग्यच. आणि ज्याची गिटार तो हयात असेल व त्यालाच ती नवी दिसावीशी वाटत असेल, तर इतरांनी आठवणींच्या नावाखाली त्याला अडवू नये. हाताची खूण त्याची आहे, ती पुसण्याचा अधिकारही त्याचाच.

राहता राहिला नातू. त्याला चकचकीत गिटार हवी असेल तर त्यात त्याचा दोष नाही. तेरा वर्षांच्या मुलाला ती हवीच असणार. शिकाऊ गिटार आज बाजारात सहज मिळते आणि शिकवणीला लोकलमधून, रिक्षातून नेण्यासाठी तीच बरी. नव्याची हौस नव्या वस्तूने भागवावी. आजोबांची गिटार घरी राहावी, रोज थोडी वाजावी. न वाजता पेटीत पडून राहण्यानेच वाद्याचे सर्वांत जास्त नुकसान होते.

मुंबईच्या हवेत तर हे विशेष खरे आहे. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात दहिसरला ती ८० च्या वर सहज जाते. लाकूड फुगते, फळीला फुगवटा येतो, तारा वर उचलल्या जातात आणि जुना गोंद सुटू लागतो. कपाटावर, छताच्या उष्म्याजवळ ठेवलेल्या गिटारचा ब्रिज उचलला गेला यात नवल नाही. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या बदलत राहाव्यात, महिना-दोन महिने वाजणार नसेल तर तारा थोड्या सैल कराव्यात, पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. वाजवून झाल्यावर कोरड्या, मऊ सुती कपड्याने तारा व फळी पुसावी. जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा यासाठी बाजारच्या कोणत्याही फडक्यापेक्षा सरस. सिलिकॉन असलेले फर्निचरचे चमकदार पॉलिश कधीही लावू नये. ते लाकडात मुरते आणि पुढे खरी दुरुस्ती करताना कोणताही लेप धरू देत नाही. रबरी टेकूच्या स्टँडवरही जुनी गिटार ठेवू नये. रबराने नायट्रोसेल्युलोज वितळतो आणि डाग कायमचा राहतो.

गिटार दुरुस्तीला देण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, उघड्या पडलेल्या जागेचे एक जवळून. मग कारागिराला तोंडी न सांगता चिठ्ठी लिहून द्यावी आणि तिची प्रत पावतीला टाचून ठेवावी. आपल्या या दहिसरच्या घरात ती बाने सांगावी, मुलाच्या वडिलांनी लिहावी आणि तिच्यात एवढेच असावे: ब्रिज काढून पुन्हा चिकटवणे, गोंद लाकडाचा पिवळा, सरस नको. सॅडल बदलावा लागल्यास हाडाचा नको. जुना काढलेला तुकडा परत द्यावा. तारा नव्या, हलक्या. पुढच्या व मागच्या फळीला पॉलिश कागद लावू नये, फवारणी करू नये. छिद्राखालची जागा आहे तशी.